अशोकाला लाथ

आमच्या घरमालकांचं एका इंग्रजाशी भांडण होतं. इंग्रज व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे त्याला मरून शंभराच्या वर वर्षं झालेली. भांडण मात्र ताजं होतं. सकाळी दूधवाला यायच्या आधी ओसरीवरून आवाज यायचा, "अरे लेका, तू मोर पायलास काय कदी? लंडनात बसून लिवून राहिला!" पहिल्या दिवशी मला वाटलं, घरात कोणी थकलेले वडीलधारे आहेत आणि त्यांना हे असं बोलतात. म्हटलं, माणूस कठीण दिसतो. दुसरी खोली बघायच्या विचारात होते मी.

मी तेव्हा गोरेगावच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवायला नवी लागले होते. गोरेगाव म्हणजे मुंबईतलं नव्हे, गोंदियाजवळचं. हे वर्ध्याच्या माझ्या नातेवाइकांना अजून सांगावं लागतं. घरमालक हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, म्हणून मी त्यांना सर म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. घर पोवार समाजाचं, धानाची शेती सरांचा भाऊ बघायचा. पोवारांचे पूर्वज माळव्यातून आले, यावर सरांनी स्वतःचा एक निष्कर्ष काढला होता. "माळव्यात संस्कृत बोलत होते. म्हणजे ती आमच्या घरचीच भाषा. मधल्या काळात जरा बोलणं बंद होतं, एवढंच." हे ते कोणत्याही पाहुण्याला पाण्याचा गिलास हातात देता देता सांगत.

तर त्या साहेबानं संस्कृतचा एक जाडजूड कोश केला होता. तरुणपणी सरांना तो नागपुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडला, आणि आधी ते साहेबाच्या प्रेमातच पडले. एकट्या माणसानं एवढं काम केलं, हे सांगताना अजूनही त्यांचे डोळे भरून येत. साहेबाचं आयुष्य ते असं सांगत की जणू शेजारीच राहत होते. अंगात काळा कोट, बाहेर धुकं, टेबलावर दिवा, मान मोडून लिहिणं चाललंय. बायको चहा ठेवून जाते, तो गार होतो, ती तो उचलून नेते, दुसरा ठेवते, तोही गार होतो.

"सर, हे सगळं कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. कोश वाचला की दिसतं."

पण पुढे पुढे सरांच्या लक्षात आलं की साहेबाला एक खोड होती. अडचणीचा शब्द आला की तो ‘एक प्रकारची वनस्पती’ असं लिहून मोकळा व्हायचा. एक प्रकारचा पक्षी. एक प्रकारचा मासा. पानोपान तेच. सरांचा संताप तिथे सुरू झाला तो शमलाच नाही. "एक प्रकारचा पक्षी! तुयी बायको काय एक प्रकारची बाई होती काय?" एरवी त्यांची भाषा इतकी शुद्ध की भाजीवाल्याला ‘कोथिंबिरीची जुडी द्यावी’ म्हणत. रागावले किंवा बायकोशी बोलले की मात्र इकडची झाडीबोली. साहेबाच्या वाट्याला कायम झाडीबोलीच आली.

मग त्यांनी स्वतःच कोश करायला घेतला. साहेबाच्या प्रत्येक ‘एक प्रकारच्या’ जागी खरी वस्तू बसवायची, आणि जुन्या कवींनी जे जे म्हणून ठेवलंय ते ताडून पाहायचं. नियम एकच होता, पाहिल्याशिवाय नोंद नाही. चिठ्ठ्या लिहून ते बिस्किटांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवत. खोकी ओसरीवर, देवघरात, धानाच्या कोठीवर. काकू त्यांच्यावर पापड वाळत घालायच्या.

टेबलासमोरच्या भिंतीवर एका दाढीवाल्या गोऱ्याचं चित्र होतं. शत्रू समोर असावा, असं सर म्हणत. मी जवळ जाऊन पाहिलं तर खाली कुठल्याशा टॉनिकचं अर्धं फाटलेलं नाव. "सर, हा तो नाहीच."

"दाढी आहे, कोट आहे," सर शांतपणे म्हणाले. "एक प्रकारचा साहेब आहे."

त्यांनी आयुष्यात उगवलेला एकमेव सूड तो असावा. एरवी माणूस खोटं बोलू शकत नव्हता. खोटं तर सोडाच, गोडही बोलू शकत नव्हता. थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी मुलीची ओळख करून दिली ती अशी: वर्ण सावळा, स्वभाव तापट, स्वयंपाक सामान्य, गणित उत्तम. काकूंनी आत कपाळ बडवून घेतलं. पण मुलाचा बाप राइस मिलमध्ये हिशेब बघणारा. तो म्हणाला, असा बाप पहिल्यांदा पाहिला, पोरगी पक्की. तेव्हापासून सरांना वाटायला लागलं की हीच रीत बरोबर.

काकूंच्या स्वयंपाकालाही हीच रीत. वांग्याची भाजी अशी करायच्या की मी कॉलेजातून येताना कोपऱ्यावरच वासानं ओळखायची. सर जेवून उठताना म्हणत, "मीठ योग्य होतं." यापलीकडे शब्द नाही. काकू मला म्हणायच्या, "लगनाले इतके वर्स झाले मॅडम, मिठाच्या वर नाही गेला हा मानूस."

पितृपक्षात सरांकडे दोन पानं वाढली जात. एक वडिलांचं, दुसरं साहेबाचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबताना मला ठसका लागला. सर म्हणाले, "त्याचं तिकडे घालणारं कोणी असेल नसेल. मतभेद वेगळे, भूक वेगळी." वडिलांच्या पानावर कावळा लगेच आला. साहेबाच्या पानाकडे एकही फिरकेना. सर हात जोडून उभे, उन्हात घाम गळतोय. मेलेल्याची काही इच्छा अडली असेल तर ती पुरी करू म्हणावं लागतं, तसा रिवाज. सरांनी आधी सांगून पाहिलं, "तुमचा कोश मी जपून ठेवीन." कावळा नाही. "शिव्या देणार नाही." कावळा नाही. शेवटी काकू वैतागून दारातून म्हणाल्या, "अवो, त्या गोऱ्याचा एखादा अर्थ मान्य करून टाका ना! भात सुकून राहिला."

सरांचा चेहरा बघवत नव्हता. खूप वेळानं ते पडल्या आवाजात म्हणाले, "बरं. कदंबाबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य." आणि भिंतीवरून कावळा थेट पुरणावर आला. सरांनी दोन दिवस खोक्यांना हात लावला नाही. पण दिला शब्द त्यांनी पाळला. त्यांच्या कोशात कदंबाचा अर्थ साहेबाचाच आहे, खाली ‘कावळ्याच्या आग्रहाने’ अशी टीप.

हंसाचंही सांगायला पाहिजे. हंस म्हणे पाण्यातून दूध तेवढं वेगळं काढून पितो. हिवाळ्यात नवेगाव बांधच्या तलावावर लांबून उडून आलेले राजहंस उतरतात, म्हणून सर स्टीलच्या बादलीत दूध-पाणी घेऊन एसटीनं निघाले. गर्दीत बादली धरायला मी. तलावावर वनखात्याचा गार्ड आडवा आला. "सर, पाखराईले दूध पाजाची परवानगी नाही." सरांनी त्याला तासभर समजावलं. तेवढ्यात मागे एका कुत्र्यानं बादलीत तोंड घातलं. सरांनी तिथेच चिठ्ठी लिहिली: ‘हंसापर्यंत पोचता आले नाही. कुत्रा दोन्ही पितो.’

आता अशोकाचं. सरांच्या अंगणात खरा अशोक होता, बंगल्यांसमोर लावतात तो उंच सरळसोट नव्हे. मुलीच्या जन्माच्या वेळी लावलेला, चांगला डेरेदार, पण एकदाही फुलला नव्हता. गोंदियाहून नर्सरीवाला येऊन बघून गेला. "सरजी, पेड़ तो मस्त है, मूड नहीं है उसका," एवढं म्हणून तो चहा पिऊन गेला. सरांना मात्र कारण ठाऊक होतं. संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी ते काळा कोट घालून माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. साहेबाच्या तोडीचं काम असलं की ते कोट घालत.

"मॅडम, एक शास्त्रीय विनंती आहे."

"बोला ना सर."

"आमच्या अशोकाला लाथ मारायची आहे."

मी पुस्तक मिटलं.

"जुने कवी सांगतात की तरुण, सुंदर स्त्रीनं डाव्या पायानं लाथ मारली की अशोक फुलतो. साहेबानं हेच देऊन पुढे ‘अशी समजूत’ एवढं लिहून हात झटकले. मला ताडून पाहायचं आहे. तरुण असल्याचा पुरावा तुमच्या भाडेकराराला जोडलेल्या आधारकार्डावर आहे. सुंदर याविषयी मी गावात चौकशी केली. दोघे हो म्हणाले. एकानं विचार करून सांगतो म्हटलं."

"तो एक कोण?" मी विचारलं. माणसाच्या तोंडून काय आधी निघेल सांगता येत नाही.

सर नाव सांगणार एवढ्यात मला जाणवलं की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झालाय. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही सर, मला नाही जमणार." सर मान हलवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर साहेबाला शिव्या नव्हत्या आणि चुलीवर चहा नव्हता. काकू बाहेरगावी जायची पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या. डोळे सुजलेले, आवाज मात्र कोरडा.

"मॅडम, तुमच्यावर राग नाही माहा. पन या मानसानं साऱ्या गावात चौकशी केली. घरात एक बाई हाये, तिची चौकशी नाही केली. मी भावाकडं जाऊन राहिली. मिठाले मानूस लागते तर आनून घ्या म्हनाव कोनी."

आणि नवेगाव बांधच्या बसमध्ये बसून गेल्याही.

सुरुवातीला सरांना वाटलं, येईल दोन दिवसांत. मग आठवडा गेला, मग दुसरा. सर खिचडी करून खात होते आणि तिला खिचडी म्हणावं की नाही याबद्दल त्यांनाच शंका होती. खोकी तशीच. लिहिणं बंद. टॉनिकवाल्या साहेबासमोर नुसते बसून राहायचे. मेहुण्याला फोन केला की तो म्हणे, "ताई नाही म्हनते. यंदा नाही, पुढच्या वर्सीबी नाही म्हनते." म्हातारपणी हे घर असंच मोडणार की काय, अशी मलाच भीती वाटायला लागली. एका दुपारी मी तडकले.

"सर, तुम्ही काकूंना का नाही विचारलं?"

"ती सुंदर असल्याची नोंद नाही."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे."

"का नाही?"

या प्रश्नावर ते खरोखर विचार करायला लागले. कधी नव्हे ते चष्मा काढून हातात धरला. "पाहायचं राहून गेलं," ते म्हणाले. "लग्नात मध्ये अंतरपाट होता. मग ती स्वयंपाकघरात आणि मी शाळेत. मग साहेब आला."

मला हसावं की त्यांच्या डोक्यात वरवंटा घालावा कळेना. मी म्हटलं, "तुमचा नियम काय? पाहिल्याशिवाय नोंद नाही. मग आधी जाऊन पाहा!" हे मी ओरडूनच म्हटलं. घरमालकावर ओरडायची माझी ती पहिलीच वेळ, आणि मला फार बरं वाटलं.

सकाळच्या एसटीनं सर निघाले. काळा कोट, इस्त्रीचं धोतर. मला सोबत घेतलं, साक्षीदार म्हणून. काकूंच्या भावाच्या अंगणात लाखोळीची डाळ पाखडणं चाललेलं. काकू सूप घेऊन बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी सूप थांबवलं नाही. भाऊ, भावजय, शेजारच्या दोन बाया, सगळे कामं टाकून गोळा झाले. सरांना कोणी बसा म्हणालं नाही, ते उभेच.

"कोश अडून राहिला," सर म्हणाले.

"मंग मी काय करू?"

"मायी चूक झाली. पहिले घरात विचाराले पायजे होतं."

सूप जरा हळू झालं. "मी म्हातारी होऊन गेली. तुमाले तरुन बाई लागते ना?"

"म्या पुना पायलं. मूळ श्लोकात तरुन नाही. थे त्या गोऱ्यानं घातलं."

भावजयीला यातलं काही कळलं नाही, पण गोरा कोणी वाईट माणूस असावा असं समजून तिनं जोरात मान हलवली. काकूंनी सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे सरळ पाहत, सगळ्यांसमोर विचारलं, "आन सुंदर? सुंदर आहे काय श्लोकात?"

"आहे."

"मंग?"

अंगणात कोंबड्यांशिवाय कोणी हलत नव्हतं. हा माणूस आता ‘मीठ योग्य’सारखं काहीतरी बोलणार आणि सगळं संपणार, या धास्तीनं मी डोळेच मिटणार होते. सरांनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीनं पुसला, परत घातला. दोन पावलं पुढे गेले, खाली वाकले आणि काकूंच्या चेहऱ्याकडे बघायला लागले. नवी वनस्पती सापडल्यावर बघत तसे, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. काकू लाजून लाल, मग रागानं लाल, मग दोन्ही.

"बोला ना काही! सारे पाहून राहिले."

"थांब," सर म्हणाले. "मी पाहून राहिलो."

"मरा तिकडं!" म्हणत काकू उठल्या आणि पदरात तोंड लपवून आत पळाल्या. भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "झालं. पिशवी भरून राहिली ते."

लाथेसाठी सोमवार ठरला. काकूंनी पायाला आलता लावला, मुलीचे पैंजण घातले, हिरवं लुगडं नेसल्या. गल्लीतली माणसं कुंपणावर, गच्चीवर, मोबाइल काढून तयार. सरांनी सगळ्यांना खडसावलं की हा तमाशा नव्हे, हे कोशाचं काम आहे. मग काकूंकडे वळून ते हळूच म्हणाले, "पायानं शिवली तरी चालते. जोरानं माराची गरज नाही."

काकूंनी झाडाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी जी लाथ मारली, तीत इतक्या वर्षांचं सगळं मीठ होतं. शेंड्यावरच्या साळुंक्या उडाल्या. गल्ली ओरडली. आणि काकू डाव्या पायाचा अंगठा धरून मटकन खाली बसल्या.

गोंदियाला हाडांच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडात धरला. "आंटी, टूटा है. गिरे क्या कहीं?"

"नाही. झाडाले लात मारली."

डॉक्टरनं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "विधिपूर्वक." डॉक्टरनं प्लास्टर घालून दिलं आणि आंटीला घरात कोणी त्रास देतं का, हे मला बाजूला घेऊन विचारलं.

मग वाट बघणं सुरू झालं. सर सकाळी उठून झाडाखाली जायचे, फांदी फांदी वाकवून बघायचे. काकू काठी टेकत मागून जायच्या, म्हणायच्या, पाणी घालाले आली. शिमगा झाला. रस्त्याकडेचे पळस फुलून गळूनही गेले. मोहाची फुलं वेचायच्या टोपल्या निघाल्या. अशोक हिरवागार, ढिम्म. प्लास्टर निघालं तरी एक कळी नाही. काकू बोलून दाखवत नव्हत्या, पण पाणी घालताना त्यांचा चेहरा उतरत चाललेला मला दिसत होता. बाई सुंदर असती तर फुललं असतं, हेच त्या झाडाकडून रोज ऐकत होत्या. त्या झाडावर मी मनापासून चिडले होते.

पाडव्याच्या दिवशी सरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. बराच वेळ टाक हातात धरून बसले. मग भराभर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "प्रयोग गोरेगाव येथे केला. अशोक फुलला."

मी चमकून पाहिलं. ज्यानं स्वतःच्या पोरीचा स्वयंपाक सामान्य सांगितला, कावळ्याला दिलेला शब्द कोशात पाळला, तो माणूस बायकोसाठी कोशात खोटं लिहून बसला होता. त्याचे कान तांबडे झाले होते. मला रडू यायच्या बेतात होतं.

काकू श्रीखंड ढवळत होत्या. वाटी ठेवून त्या बाहेर आल्या.

"कुठं फुललं?"

सरांनी चिठ्ठीवर तळहात ठेवला.

"खोटं काऊन लिवता? एक खोटं निंगालं, तं बाकीच्या खोक्यातलं कोन खरं मानल? इतके वर्स काय मी खोट्या खोक्यावर पापड वारवले? खोडा ते."

"पर तुले..."

"खोडा म्हनते ना मी."

सरांनी खोडलं. कोरी चिठ्ठी घेतली, आणि या वेळी अजिबात न थांबता लिहिली. स्वतः वाचायचा धीर झाला नसावा, माझ्यापुढे सरकवली. मी वाचली:

"प्रयोग गोरेगाव येथे केला. फूल आले नाही. स्त्री सुंदर होती, हे मी जवळून पाहिले आहे. दोष झाडाचा."

काकूंनी श्रीखंडाचा हात लुगड्याला पुसला, चिठ्ठी माझ्या हातातून घेतली, स्वतः एकदा वाचली आणि खोक्यात ठेवली.

"याच्यातलं आता काही खोडू नोका," त्या म्हणाल्या.